परवाना कामाचा, हक्क राहण्याचा : जर्मनीचा धडा

परदेशातल्या नोकरीचे पत्र आले की आपली नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते. पण तिथे काम करायला परवाना लागतो आणि तो वाचताना तीन प्रश्न विचारायचे असतात. काम कोणाकडे करता येईल? किती दिवस राहता येईल? पुढे कायम राहता येईल का? ही तीन उत्तरे वेगवेगळी का असतात, ते जर्मनीच्या इतिहासातून पाहू.

१. पाहुणे कामगार

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने जोमाने चालू लागले आणि माणसे कमी पडू लागली. सरकारने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार भरतीचे करार केले. या लोकांना ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार, म्हणत. तुर्की कामगाराने दोन वर्षांनी परत जावे आणि त्याच्या जागी दुसरा यावा, अशी योजना होती. पण शिकून तयार झालेला माणूस घालवून नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवणे कारखानदारांना परवडेना. १९६४ मध्ये ही अट काढली गेली.

नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेलसंकटाच्या काळात, सरकारने भरतीच थांबवली. आता परदेशी लोक हळूहळू परत जातील, अशी अपेक्षा होती. पण एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कामगारांनी ओळखले. अनेकजण तिथेच राहिले आणि त्यांनी बायकामुलांनाही बोलावून घेतले.

२. सन २००० चे ग्रीन कार्ड

पुढची टंचाई संगणक क्षेत्रात आली. चॅन्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात नवी योजना जाहीर केली आणि १ ऑगस्ट २००० पासून ती लागू झाली. परवाने २०,०००, अट अशी की संबंधित पदवी हवी, किंवा वर्षाला एक लाख मार्क पगार हवा. विरोधही झाला. एका प्रांतिक निवडणुकीत ‘भारतीयांऐवजी मुले’ अशा अर्थाची घोषणा गाजली.

नावावर जाऊ नका. अमेरिकेचे ग्रीन कार्ड कायम वास्तव्य देते. जर्मनीच्या कार्डाची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे होती. २००४ अखेर योजना संपली, तेव्हा सुमारे १८,००० परवाने दिले गेले होते. ठरवलेला आकडाही भरला नाही. पाच वर्षांनंतरचे काहीच नक्की नसेल, तर कुशल माणूस दुसरा देश पाहतो.

३. ब्लू कार्ड आणि पुढे

२००५ च्या स्थलांतर कायद्याने दिशा बदलली. ऑगस्ट २०१२ पासून युरोपीय संघाचे ब्लू कार्ड जर्मनीत मिळू लागले. त्यात कायम वास्तव्याची वाट आधीच लिहिलेली होती : ३३ महिन्यांनंतर, आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी असेल तर २१ महिन्यांनंतर. पती किंवा पत्नीलाही लगेच नोकरी करता येते. नोव्हेंबर २०२३ पासून ३३ चे २७ महिने झाले. जून २०२४ पासून पात्र उमेदवाराला ‘संधी कार्ड’ घेऊन वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते.

४. तुम्ही काय तपासाल?

– तुमची पदवी आणि विद्यापीठ तिथे मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ या जर्मन माहितीसंचात आधी पाहा.
– ब्लू कार्डासाठी किमान पगाराची मर्यादा दरवर्षी बदलते. त्या वर्षीचा आकडा वकिलातीच्या संकेतस्थळावरच पाहा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.
– ब्लू कार्डावर पहिल्या वर्षात नोकरी बदलल्यास परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते. नोकरी मुदतीआधी सुटली तर दोन आठवड्यांत कळवणे बंधनकारक आहे. अनेकजण हेच विसरतात.
– जर्मन शिकायला इथूनच सुरुवात करा. ऑफिसचे काम इंग्रजीत चालले, तरी बी-१ मुळे सहा महिने वाचतात.

सारांश

उद्योगांना हात हवे होते म्हणून परवाने निघाले. पण हातांबरोबर माणूस आणि त्याचा संसार आला. प्रत्येक नव्या कायद्याने ही गोष्ट आधीपेक्षा थोडी जास्त मान्य केली. तुम्हीही परवान्याकडे संसाराच्या हिशेबाने पाहा.

विचारासाठी प्रश्न

१. १९६४ मध्ये दोन वर्षांची अट काढण्यात कोणाचा फायदा होता?
२. सन २००० चे ग्रीन कार्ड आणि ब्लू कार्ड यांची मुदत व कुटुंब या दोन मुद्द्यांवर तुलना करा.