घरातल्या ऊर्जाबचतीची सवलत: करातून खात्यात

घरात ऊर्जा वाचवणाऱ्याला सरकारने करात सूट द्यावी, ही रीत 1973च्या तेलटंचाईतून आली. अरब देशांनी पुरवठा रोखल्यावर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले आणि थंड मुलखांत घर ऊबदार ठेवणे परवडेनासे झाले. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी नोव्हेंबर 1978मध्ये सही केलेल्या ऊर्जा कर कायद्याने यावर उपाय काढला. भिंतीत किंवा छपरात उष्णतारोधक थर घालणाऱ्या घरमालकाला खर्चाच्या 15 टक्के, जास्तीत जास्त 300 डॉलर, आयकरातून वळते करून मिळू लागले. सौर उपकरणांसाठी सवलत याहून मोठी होती. ही तरतूद 1985अखेर संपली, 2005मध्ये नव्या रूपात परतली, 2022मध्ये वाढली आणि 2025च्या कायद्याने त्याच वर्षाच्या शेवटी थांबली.

पण वळते करायला आधी कर भरावा लागतो. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातील येलदरी इथे ही अट नेमकी आडवी येते. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण 1968मध्ये पूर्ण झाले आणि पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह उभे राहिले. वीज गावाच्या उशाशी तयार होते. मात्र भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि शेतमजुराची मिळकत तर कराच्या आसपासही जात नाही. अमेरिकी पद्धतीची सूट इथे आणली असती, तर तिचा लाभ बहुतांशी पगारदारांपुरता राहिला असता आणि जिथे चुलीचा धूर जास्त तिथे ती पोचलीच नसती.

भारतात म्हणून दोन वाटा पडल्या. करातली सवलत कंपन्यांकडे गेली: पवनचक्क्या आणि सौर यंत्रांवर वाढीव घसारा मिळे; एप्रिल 2017पासून तो 40 टक्क्यांवर आणला गेला. शहरी घरांसाठी महापालिकांनी मालमत्ता कराचा आधार घेतला. पुणे महापालिकेने सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पावसाच्या पाण्याची साठवण यांपैकी एक व्यवस्था असेल तर 5 टक्के, दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के सूट दिली. कर भरणारा आणि सूट मिळवणारा एकच घरमालक असल्याने ही योजना शहरात नीट बसते.

खेड्यातली वाट अनुदानाची. तिचे मूळ गोबरगॅसमध्ये आहे. जशभाई पटेल यांनी 1950च्या दशकात घडवलेला संयंत्राचा नमुना खादी व ग्रामोद्योग आयोगाने हाती घेतला; 1981-82मध्ये राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, आणि पुढे जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांना अनुदान मिळू लागले. इथे कराचा प्रश्नच नव्हता. गोठ्यात जनावरे असणे एवढे पुरे. ज्यांच्याकडे जनावरे नव्हती, त्यांना मात्र त्यातून काही मिळाले नाही.

जानेवारी 2015मध्ये सुरू झालेल्या एलईडी योजनेने तिसरी युक्ती वापरली. सरकारी कंपनीने बल्ब घाऊक घेतले, खरेदीचा भाव 310 रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत 38 रुपयांवर उतरला, आणि किंमत वीजबिलात हप्त्याने फेडता येऊ लागली. बचत ज्या बिलात दिसते त्याच बिलातून परतफेड, ही कल्पना कर भरणारा-न भरणारा असा भेद करत नाही. या साऱ्या योजनांतली ती सर्वांत न्याय्य म्हणावी लागेल.

फेब्रुवारी 2024च्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान थेट बँक खात्यात येते: 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार, 3 किंवा अधिक किलोवॉटला 78 हजार रुपये. पॅनेल बसून नेट मीटर लागल्यावरच रक्कम जमा होते, म्हणून आधीचा पैसा घरमालकाला स्वतः किंवा बँकेच्या कर्जातून उभा करावा लागतो. शिवाय पॅनेल पेलणारे स्वतःचे छप्पर आणि चालू वीजजोडणी लागते.