गिरणीची चिमणी आणि टेबलाखालचा सर्व्हर

भोसरीत वर्कशॉप चालवणाऱ्या आपल्या एका श्रोत्यांनी विचारलंय, "आमचा सर्व्हर टेबलाखाली आहे. सगळे सांगतात क्लाउडवर जा. जाऊ का? आणि कसं?" उत्तर द्यायला मी तुम्हाला शंभर वर्षं मागे नेणार आहे, परळ-लालबागच्या गिरण्यांत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतली गिरणी म्हणजे स्वतःचा बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःची चिमणी. कोळसा लांबून आणायचा, साठवायचा. मालकाचा धंदा कापडाचा, पण अर्धा जीव इंजिनात अडकलेला! इंजिन बंद तर गिरणी बंद.

1910 मध्ये टाटा हायड्रो कंपनी स्थापन झाली. कल्पना जमशेटजींची, पण ती प्रत्यक्षात यायच्या आधीच, 1904 मध्ये, ते गेले. लोणावळ्याच्या परिसरात पावसाचं पाणी अडवायचं, घाटाखाली खोपोलीला सोडायचं आणि तिथं तयार झालेली वीज तारांवरून सुमारे 70 किलोमीटर लांब मुंबईत आणायची. 1915 मध्ये ही वीज सुरू झाली. म्हणजे शक्ती विकत घ्यायची, वापराल तेवढेच पैसे द्यायचे, आणि इंजिन सांभाळायचं काम दुसऱ्याचं.

ओळखीचं वाटतंय ना? 1961 मध्ये जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञानं एमआयटीतल्या भाषणात हेच म्हटलं होतं, की टेलिफोनसारखीच गणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल. 2006 मध्ये अॅमेझॉननं साठवणूक आणि सर्व्हर भाड्यानं द्यायला सुरुवात केली. 2015-16 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांची डेटा सेंटरं आपल्याकडेही सुरू झाली. 2017 मध्ये जीएसटी आला आणि छोट्या दुकानदारालाही हिशेब ऑनलाइन भरावा लागला.

पण गोष्ट इथंच संपत नाही. विजेची मागणी वाढली तसं टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतलं. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. तरीही धरण झालंच. सांगायचा मुद्दा असा, की तारेतून येणारी वीज कुठल्यातरी जमिनीवरून, कुठल्यातरी पाण्यातून येते. क्लाउडही आकाशात नसतो, बरं का! तो ऐरोली-महापेसारख्या ठिकाणी एखाद्या इमारतीत असतो. म्हणून पहिला प्रश्न: माझा डेटा कुठं राहणार? तुमची नोंदणीकृत कंपनी असेल, तर 2022 च्या दुरुस्तीनंतर संगणकावर ठेवलेल्या हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. विजेला आठवण नसते. पुरवठादार बदलला, तरी जुन्याकडे तुमचं काही अडकून राहत नाही. डेटाचं तसं नाही. दहा वर्षांची बिलं, गिऱ्हाइकांची उधारी, कामाची ड्रॉइंग्ज, सगळं तिकडेच राहतं. म्हणून आत शिरतानाच बाहेर पडायचा दरवाजा बघून ठेवा. डेटा परत कुठल्या स्वरूपात मिळेल, त्याला किती पैसे पडतील, हे आधीच लेखी घ्या. आणि मुख्य खातं मालकाच्या नावावर ठेवा, कॉम्प्युटरवाल्याच्या नाही.

क्रम कसा ठेवायचा? आधी यादी करा: कोणतं सॉफ्टवेअर, कोण वापरतं, दोन तास बंद पडलं तर काय अडतं. पहिल्यांदा फक्त बॅकअप आणि ईमेल हलवा. मग एक दिवस तो बॅकअप खरंच उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसता भरवसा. त्यानंतर हिशेब हलवा, तोही मार्चअखेरच्या धांदलीत नको. महिनाभर जुनं आणि नवं दोन्ही चालू द्या. इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घ्या. आणि मशीनला जोडलेलं सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी, किंवा जागेवरच राहू द्या.

तर भोसरीच्या दादा, जा, पण टप्प्याटप्प्यानं. टेबलाखालचा सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. आणि पहिल्या महिन्याचं बिल किती आलं, ते आम्हाला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात.