चहाचे वजन

मुंबईचा चाकरमानी पूर्वी दिवाळीला गावी येताना चहाच्या पुड्या आणी. हल्ली तो हिरव्या चहाची खोकी आणतो. ‘काकी, ह्यात साखर घालू नको हां, वजन उतरेल,’ असे बजावतो आणि काकी बिचारी चकलीच्या तुकड्याबरोबर ते कडू पाणी घोटते. रत्नागिरीत आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांत तरी मी हे पाहिले आहे. ही खोकी पाहिली की माझ्या मनात येते, चहा आपल्या देशात मुळी औषध म्हणूनच आला. मग तो अंगाला लागण्याइतका गोड कधी झाला?

ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेला आला. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये जी लुटली तीच ही सुरत. तेथे चहा सर्रास पितात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पाण्यात उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखीवर, मुतखड्यावर आणि पोटातल्या मुरड्यावर गुणकारी समजत. त्यात खडीसाखर टाकीत, चोखंदळ मंडळी मुरवलेले लिंबू घालीत. दुधाचा उल्लेख तो करीत नाही. म्हणजे मसाल्याचा चहा आपण समजतो त्याहून पुष्कळ जुना. पण तो काढा होता, पेय नव्हे.

पुढे १८२३ साली रॉबर्ट ब्रूसला आसामात चहाची रानटी झाडे आढळली आणि १० जानेवारी १८३९ रोजी आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला, तो लंडनमध्ये. माल आपल्या मातीतला, गिऱ्हाईक मात्र साहेब. आपल्याकडे चहाला साहेबी वास होता. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता हात लावून ठेवला. गोपाळराव जोशांनी सर्वांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि एकच गहजब उडाला. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. गंमत अशी, की वाद चहाच्या गुणदोषांचा नव्हताच. तो कोणाच्या हातचा, एवढ्यावरच सारे पेटले होते.

(चहा पिण्यावरून पुण्यात हे रण माजले त्या सुमारास ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत कैदेत होता. त्याच्या मुलखात चहाचे पान मुरवून चक्क खातात. एकेका मुलखाची रीत!)

चहा घरोघरी पोचला तो विसाव्या शतकात, आणि आपल्या पायांनी नव्हे. १९०३ साली निर्यातीच्या चहावर कर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. फुकट पेले वाटले गेले, स्टेशनांवर पाट्या लागल्या. पाट्यांवर कृती दिलेली असे: ताजे पाणी उकळावे, किटली गरम करावी, पत्तीवर पाणी ओतून पाच मिनिटे झाकून ठेवावे, दूध-साखर मागाहून. आपल्या लोकांनी चहा घेतला, पाटी मात्र सोडून दिली. पत्ती महाग, कुटुंब मोठे. तेव्हा थोड्या पत्तीतून अधिक रंग काढायचा तर ती खदखदा उकळणेच भाग होते. ह्याला अडाणीपणा म्हणण्याचे मला धाडस होत नाही. तो गरिबाचा हिशोब होता.

पण खरी ग्यानबाची मेख येथेच आहे. पत्ती जितकी उकळावी तितके तिच्यातले तुरट-कडू द्रव्य पाण्यात उतरते. तो कडवटपणा झाकायला दूध आले, दुधालाही आटोपेना तेव्हा साखर आली. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी याच उकळण्यावर बोट ठेवले आहे. ते चहाचे मित्र नव्हतेच. तरी गाळणीतल्या पत्तीवरून उकळते पाणी ओतून आलेला फिकट चहा त्यांना एक वेळ चालत होता. पुढे दाणेदार सीटीसी चहाचा जमाना आला. या पद्धतीचे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघाले. पत्ती चिरडून, फाडून, वळवून केलेला हा दाणा थोडक्यात गडद रंग देतो आणि दूध-साखर सहज पचवतो. आज आपल्याकडचा बहुतेक चहा हाच.

आता हिशोब करू. बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या चहात उष्मांक जवळजवळ शून्य. आपला भरलेला चमचा सुमारे पाच ग्रॅम साखरेचा. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप म्हणजे पन्नास ग्रॅम साखर आणि दोनशे उष्मांक. महिन्याला एका माणसाची दीड किलो साखर. चौघांच्या घरात सहा किलो, तीही नुसती चहाची! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली, ती सर्वसाधारण प्रौढाला दिवसाची पन्नास ग्रॅमच पडते, आणि निम्म्यावर आणली तर उत्तम म्हणतात. म्हणजे लाडू-करंजीला हात लावण्यापूर्वीच आपण हद्दीवर उभे.

हिरव्या चहाचे काय? कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली स्थूल माणसांवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात वजनातला फरक इतका क्षुल्लक निघाला, की वैद्यकाच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही. काकीचा लाभ होतो तो साखर सुटल्यामुळे. ‘बारीक करणाऱ्या’ काही चहांत तर सोनामुखी असते. ती रेच आहे; तिने पोट वाहते, अंगातले पाणी जाते आणि काटा तेवढ्यापुरता खाली येतो. चरबी जागच्या जागी. असली पुडी विकत घेण्यापूर्वी मागची बारीक अक्षरे वाचावी.

घ्यायचाच तर लांब पानाचा चहा घ्यावा. पाणी उकळले की आच बंद करून पत्ती टाकावी, झाकण ठेवून तीन-चार मिनिटांत गाळावा. हिरव्या पानाला एवढेही गरम पाणी सोसत नाही. उकळीनंतर चार-पाच मिनिटे थांबून मग पत्ती घालावी आणि दोन-तीन मिनिटांत काढावी, म्हणजे तो काकीला वाटतो तसा कडू होत नाही. जेवणाबरोबर मात्र कुठलाच चहा नको. अन्नातले लोह अंगी लागण्यास तो आड येतो, आणि रक्त कमी असलेल्या बायाबापड्या आपल्याकडे थोड्या नाहीत. एखादा तास जाऊ द्यावा.

आमच्याकडे विहिरीच्या कडेला गवती चहाचे बेट असते. दोन पाती आणि आल्याचा तुकडा आधी पाण्यात उकळून घ्यावा, मग आच बंद करून पत्ती टाकावी. गवती चहाने वजन उतरते असे मी म्हणणार नाही. पण त्या वासावर दोन चमच्यांची साखर एकावर येते, आणि दुसऱ्या महिन्यात वाण्याच्या यादीत ते दिसू लागते.