खुर्ची प्राध्यापकाला दिली तेव्हा

गळीत हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नव्याने लागलेल्या पोरांचं दोन दिवसांचं शिबिर असतं. निवृत्त झाल्यापासून त्यातला एक तास माझ्याकडे असतो आणि विषय दरवर्षी तोच, ‘नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकास’. कृषी पदविका किंवा पदवी घेतलेली पोरं वह्या उघडून बसतात. यशस्वी माणसाच्या सवयी मी एकामागून एक लिहून देईन, अशी त्यांची अपेक्षा असते. मी त्यांना हरेगाव सांगतो आणि मग लोणी सांगतो. दहा माणसांकडून काम करून घेणं आणि ते करता करता स्वतः शहाणं होणं, या दोन्ही गोष्टींचा इतिहास आपल्या श्रीरामपूर तालुक्यात घडलेला आहे. तो सोडून बाहेरची उदाहरणं कशाला आणायची?

श्रीरामपूर हे काही जुनं गाव नव्हे. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि बेलापूर गावापासून दूर, माळावर, बेलापूर रोड नावाचं स्टेशन आलं. त्याच्या आजूबाजूला अडत्यांच्या वखारी, धर्मशाळा, दुकानं उठत गेली आणि त्याचं शहर झालं. तोवर हा मुलूख बाजरी-ज्वारीचा, पावसाच्या भरवशावरचा. प्रवरेचे कालवे निघाले आणि भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, तसं पाटाचं पाणी बारमाही मिळू लागलं. पण पाणी आलं म्हणून ऊस येत नाही. उसाला सरी किती रुंद काढायची, बेणं किती डोळ्यांचं घ्यायचं, पाण्याच्या दोन पाळ्यांत किती दिवस ठेवायचे, मोठी बांधणी कधी करायची, यातलं आमच्या आजोबांच्या पिढीला काहीच ठाऊक नव्हतं.

ते शिकवलं सासवडकडून आलेल्या माळी बागाईतदारांनी. त्यांना नीरा कालव्यावरचा अनुभव होता. त्यांनी कोपरगाव-बेलापूर भागात खंडाने जमिनी घेतल्या आणि ऊस, मोसंबी उभी केली. रावबहादूर नारायणराव बोरावके त्यांतलेच. श्रीरामपूरच्या रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजाला त्यांचं नाव आहे. स्थानिक शेतकरी त्यांच्या बांधावर उभं राहून बघायचा, त्यांच्याकडे रोजाने जायचा आणि पुढच्या वर्षी आपल्या एकरभर रानात तसंच करून बघायचा. मी पोरांना सांगतो, या तालुक्याची पहिली प्रशिक्षण संस्था म्हणजे हा बांध. शिकवणाऱ्याने दार लावून घेतलं नाही आणि शिकणाऱ्याला परक्या माणसाला विचारण्यात कमीपणा वाटला नाही.

दुसरी शाळा हरेगावची. १९१९ साली साखरेची बेलापूर कंपनी निघाली. ब्रॅडी कंपनी तिची व्यवस्था पाहणारी. सरकारमार्फत शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने कंपनीकडे गेल्या. पुढे १९३२ मध्ये सरकारने साखरधंद्याला जकातीचं संरक्षण दिलं आणि पाठोपाठ १९३३ साली डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स टिळकनगरला उभी राहिली. माझे वडील हरेगावच्या मळ्यावर पाणी-मुकादम होते. भोंगा झाला की कामाला लागायचं, प्रत्येक तुकड्याला नंबर, लागणीची तारीख पाटीवर, खताची नोंद वहीत. घरच्या दीड एकरालाही वडील तशीच वही ठेवायचे. एखाद्या वर्षी ऊस का पडला, याचं उत्तर ते वहीत बघून द्यायचे. ही शिस्त कंपनीनेच आमच्या भागात आणली आणि तिचं श्रेय तिलाच दिलं पाहिजे.

पण कंपनीत ठरवणारा एकीकडे आणि राबणारा दुसरीकडे. ज्याची जमीन खंडाने गेली होती त्या खंडकऱ्याला त्याच जमिनीवर काय लावायचं, भाव काय धरायचा, यात तोंड नव्हतं. त्याचा हिशेब पुढे किती लांबला बघा. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, कंपन्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झालं. खंडकऱ्यांचं आंदोलन पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि जमिनी परत वाटायला सुरुवात झाली ती २०१२ मध्ये. ज्याची जमीन गेली त्याच्या नातवाच्या हातात सात-बारा आला. हे मी पोरांना मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही कितीही हुशारीने मळा चालवा, ज्याच्या जिवावर तो चालतो त्याला विचारलंच नाही तर ते देणं तीन पिढ्या फिटत नाही.

आता लोणी. लोणी आज राहाता तालुक्यात मोडते, पूर्वी आमच्या श्रीरामपूर तालुक्यात होती. तिथले विठ्ठलराव विखे जेमतेम चौथीपर्यंत शिकलेले शेतकरी. सावकारी पाशातून गावाला सोडवायचं म्हणून त्यांनी १९२३ साली लोणीत सहकारी पतपेढी काढली. कारखाना नंतरचा, आधी पंचवीस वर्षं पतपेढीचा हिशेब. कोणाला किती कर्ज पचेल, कोण वेळेवर फेडतो, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून यंदा थांबावं लागेल, हे सगळं त्यांना तोंडपाठ झालं ते त्या पंचवीस वर्षांत. पुढे ते गावोगाव शेअर गोळा करत फिरले तेव्हा लोकांनी पैसे दिले ते या ओळखीवर. साखर कारखाना चालवायचा कसा, हे देणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

ऊसवाल्याची अडचण गुळाची होती. गूळ करायचा, बेलापूर रोडच्या अडत्याकडे आणायचा आणि तो म्हणेल तो भाव घ्यायचा. १९३० च्या मंदीत भाव असे कोसळले की ऊस लावणारा कर्जात बुडाला. साखर झाली तर भाव टिकेल, हे कळत होतं. पण कारखाना म्हणजे कंपनीवाल्यांचं काम, अशी समजूत. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोडला, म्हणजे आपल्या श्रीरामपुरातच, दख्खनच्या कालव्यांवरच्या बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष म्हणून पुण्याहून बोलावले प्रा. धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेले, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे १९३० पासूनचे संचालक, आणि त्याच सुमाराला शेती कर्जपुरवठ्यावरच्या सरकारी समितीचे अध्यक्ष. बागाईतदारांनी आपलाच सहकारी कारखाना काढावा, हा विचार या परिषदेतून पुढे आला.

३१ डिसेंबर १९४८ ला प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ मध्ये पहिला हंगाम झाला. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता अर्थ आणि सहकार खातं सांभाळत होते, त्यांचा पाठिंबा मोलाचा ठरला. पण मला पोरांसमोर ठेवायची असते ती एकच गोष्ट. शेअर गोळा केले विठ्ठलरावांनी, गावोगावच्या शंका ऐकून घेतल्या त्यांनी, शिव्याही खाल्ल्या त्यांनीच. आणि अध्यक्षाची खुर्ची दिली गाडगिळांना. गाडगीळ पहिली दहाएक वर्षं अध्यक्ष राहिले. विठ्ठलराव अध्यक्ष झाले ते त्यानंतर.

आमच्या भागात खुर्चीचं महत्त्व किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सोसायटीच्या पंचकमिटीसाठी भावकी फुटते. अशा मुलखात स्वतः उभी केलेली संस्था एका बाहेरच्या, जातीने-गावाने आपल्याशी काही संबंध नसलेल्या प्राध्यापकाच्या हाती द्यायची, आणि दहा वर्षं त्याच्या शेजारी बसायचं, याला छाती लागते. विठ्ठलरावांना ऊस, पाणी आणि माणसं कळत होती. कर्जरोखे, घसारा, राखीव निधी हे गाडगिळांना कळत होतं. दोघांनीही आपल्याला न येणारं दुसऱ्याकडून घेतलं. पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञालाही एकरी उत्पन्न आणि शेतकऱ्याची नड हे इथेच जवळून बघायला मिळालं. त्या काळात घातलेले पायंडे पुढे चालत राहिले. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. उसाची पहिली उचल द्यायची आणि साखर विकल्यावर हिशेब काढून उरलेले हप्ते द्यायचे. भावातून थोडी रक्कम ठेव म्हणून कापायची, पण ते सर्वसाधारण सभेत विचारून. १५ मे १९६१ ला पंडित नेहरूंनी प्रवरानगरला येऊन कारखान्याचं औपचारिक उद्घाटन केलं, त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९६४ मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल निघालं. चौथी शिकलेला माणूस शाळा काढतो, कारण न शिकल्याने काय अडतं हे त्याला दहा वर्षं रोज समोर दिसलेलं असतं.

मी हे सगळं पुस्तकातून सांगत नाही. या पायंड्यांतून जी कामाची रीत तयार झाली तिच्यात माझी सगळी नोकरी झाली. मी चिटबॉय म्हणून लागलो. चिटबॉय म्हणजे ऊसतोडीच्या फडात उभा राहून कोणत्या शेतकऱ्याचा, कोणत्या गटातला, कोणत्या गाडीत किती ऊस भरला याची चिठ्ठी फाडणारा. शेतकी खात्यातली सगळ्यात खालची पायरी. आमच्यावर एक शेतकी अधिकारी होते. त्यांचा नेम असा, की दिवस उगवायच्या आत फडात यायचे आणि मला किंवा गट ऑफिसच्या माणसाला विचारायच्या आधी मुकादमाला विचारायचे, “आज किती कोयते आले?” कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एखादी जोडी कमी दिसली की का नाही आली, लेकरू आजारी आहे का, उचलीवरून भांडण झालंय का, हे तिथल्या तिथे विचारायचे. मग आमच्याकडे वळायचे. संध्याकाळी दैनंदिनीत दोनच ओळी लिहायचे, आज काय नवीन कळलं आणि उद्या कोणाला काय विचारायचं.

एका हंगामात वजनकाट्यावर तंटा झाला. एका गाडीवानाचं म्हणणं, गाडीत नेहमीएवढाच भरला असून चिठ्ठीवर वजन कमी आलंय. काट्यावरचा कारकून ऐकेना, मागे बैलगाड्यांची रांग लागलेली, केनयार्डात आरडाओरडा. साहेब आले. त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. गव्हाणीकडे गेलेली ती गाडी रिकामी करून परत आणवली. गाडीवान, शेतकरी आणि कारकून तिघांना काट्याच्या खिडकीशी उभं केलं आणि रिकाम्या गाडीचं वजन मोठ्याने वाचायला सांगितलं. आकडा वहीतल्या आकड्याशी जुळेना. गाडीची चाकं मध्ये बदलली होती, जुनी लाकडी धावेची जाऊन टायरची बसवली होती, आणि काट्यावर जुन्याच गाडीचं वजन वजा होत होतं. गाडी झाली होती हलकी आणि वजा होत होतं जास्त. साहेबांनी त्या शेतकऱ्याच्या मागच्या खेपांचा फरक काढायला लावला. त्या दिवसापासून नियम झाला, गाडीला हात लागला की रिकामं वजन नव्याने घ्यायचं आणि ते गाडीवानासमोर वाचून दाखवायचं. कारकुनाला ते चारचौघांत एक शब्द बोलले नाहीत. नंतर त्याला बरोबर चहाला नेलं.

पुढे मी गट ऑफिसला आलो, मग अधिकारी झालो. उसाच्या को ७४० वाणाची जागा नव्या वाणांनी घेतली, पाडेगावच्या संशोधन केंद्राचा फुले २६५ आमच्या चोपण जमिनीत चांगला आला, ठिबक आलं, हातातल्या यंत्रावर रसाचा ब्रिक्स काढून तोडीचा क्रम लावता येऊ लागला. प्रत्येक बदलाला कोणाकडे तरी जाऊन, समोर बसून विचारावं लागलं. खोडव्याचं पाचट जाळू नका, हे मला एका अडाणी म्हणवणाऱ्या म्हाताऱ्याने त्याच्या रानात नेऊन दाखवलं. पाचट उचलून खालची ओल आणि गांडुळं दाखवली. त्या एका सकाळने मला जे दिलं ते कुठल्या शिबिरात मिळालं नव्हतं.

सहकाराचं पुढे काय झालं हे मी लपवत नाही. कित्येक ठिकाणी कारखाना मागे पडला आणि खुर्ची पुढे आली. सभेत प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवलं जाऊ लागलं, अहवाल ‘मंजूर, मंजूर’ करून दहा मिनिटांत उरकू लागले. जिथे असं झालं तिथे आधी हिशेब बिघडला, मग साखरेचा उतारा, मग कामगारांचे पगार थकले. हा क्रम मी एकापेक्षा जास्त कारखान्यांत पाहिला आहे. आणि जिथे अजून सभासद उठून उसाच्या वाहतुकीचा दर विचारतो, जिथे अध्यक्ष त्याला आकड्याने उत्तर देतो, तिथले कारखाने दुष्काळातून आणि साखरेच्या पडत्या भावातूनही निभावलेले पाहिले आहेत.

गेल्या शिबिरात एका मुलीने विचारलं. ऊसशेतीत मुली अधिकारी म्हणून येऊ लागल्यात, याचा मला फार आनंद आहे. ती म्हणाली, “सर, विठ्ठलरावांनी गाडगिळांना आणलं. मी कोणाला आणू? माझ्या हाताखाली चार चिटबॉय आणि एक जीप.” मी तिला तिच्या गटाची यादी काढायला लावली. सगळ्यात जास्त एकरी टन काढणारा कोण, सगळ्यात कमी उसात सगळ्यात चांगला उतारा कोणाचा, पाटकऱ्याशी कोणाचं पटतं, टोळीतल्या बायकांचं कोण ऐकून घेतं. नावं निघाली. त्यांतली एक विधवा बाई होती, दोन एकरवाली, जिच्या बांधावर खात्याचं कोणी कधी गेलं नव्हतं. मी म्हटलं, पहिली बैठक हिच्या रानात घे, बोलायला तिला सांग आणि तू चिटबॉयांच्या शेजारी खाली बसून लिहून घे. तिने ते वहीत टिपलं आणि लगेच विचारलं, बाई बोलायला तयार झाल्या नाहीत तर? मग त्यावर आम्ही उरलेली वीस मिनिटं बोलत बसलो.