सुंभ, साखळी आणि पट्टा

ओझें वाहून नेण्याची विद्या मनुष्यानें फार प्राचीन काळीं हस्तगत केली, आणि तिचा इतिहास लिहितांना चाक, होडी, आगगाडी यांना मानाचें पान मिळत आलें आहे. परंतु गाडी कितीहि भक्कम असली तरी तिच्यावरील माल ज्याच्या आधारानें जागच्या जागीं राहतो, त्या बंधाची आठवण इतिहासकाराला सहसा होत नाहीं. कडब्यानें भरलेली बैलगाडी असो, लोखंडी नळांनीं लादलेला ट्रक असो, किंवा युद्धसामग्री नेणारें विमान असो, तिन्ही ठिकाणीं प्रश्न एकच असतो. वाहन एकाएकीं थांबलें किंवा वळलें, तर माल त्याच्याबरोबर थांबेल काय आणि वळेल काय? या प्रश्नाचें उत्तर मनुष्यानें सुमारें चार हजार वर्षांत कसकसें दिलें, आणि तें देतांना बंध बांधण्याइतकेंच तो तपासणें कां अगत्याचें ठरलें, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

ईजिप्त देशांत, नाईल नदीच्या पूर्व तीरावर, देर-एल-बर्शा येथें जेहुतीहोतेप नांवाच्या एका प्रांताधिपतीचें थडगें आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वीं १९०० ते १८५० च्या सुमाराचा. या थडग्याच्या भिंतीवर एका प्रचंड पुतळ्याची मिरवणूक रंगविलेली आहे. पुतळ्याची उंची तेथील लेखांत १३ हात दिली आहे, म्हणजे आजच्या मापानें जवळजवळ पावणेसात मीटर. आणि अभ्यासकांनीं त्याचें वजन अदमासें ५८ टन धरलें आहे. लाकडी घसरगाडीवर बसविलेला हा पाषाण चार रांगांतील १७२ माणसें ओढून नेत आहेत. पाहणाराचें लक्ष साहजिकच त्या माणसांकडे जातें. पण पुतळ्याकडे निरखून पाहिलें म्हणजे दोन गोष्टी ध्यानांत येतात. पुतळा ज्या दोरांनीं गाडीला जखडला आहे, त्यांच्या वेढ्यांत लहान दांडे खुपसून पीळ दिलेला आहे, कारण नुसता गुंडाळलेला दोर हिसक्यासरशीं सैल पडतो. आणि जेथें जेथें दोर दगडाच्या कडेला टेकतो, तेथें तेथें खालीं कातड्याची किंवा तशाच कसल्या तरी मऊ पदार्थाची घडी सारलेली आहे. दगड दोराला कापतो व दोर दगडाला झिजवितो, हें त्या कारागिरांना पक्कें ठाऊक होतें. आज मोटारमार्गावरील मालाला पट्टा बांधतांना कडेला जें संरक्षक कोपरें लावावें असें सांगतात, त्याचा पूर्वज या चित्रांत आहे.

त्याच चित्रांत पुतळ्याच्या पायाशीं उभा असलेला एक मनुष्य घसरगाडीच्या पुढें पाणी ओतीत आहे. बेताच्या ओल्या वाळूवर घसरगाडी ओढण्यास कोरड्या वाळूच्या मानानें जवळजवळ निम्मेंच बळ पुरतें, हें २०१४ सालीं ॲम्स्टरडॅम येथील शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखविलें. ईजिप्तच्या मजुराला घर्षण कमी करावयाचें होतें. ट्रकवर माल लादणाराला तें वाढवावयाचें असतें. म्हणून जें पाणी, तेल किंवा भुकटी एकाला साहाय्यक होते, तीच दुसऱ्याच्या मालाला घसरावयास लावते. ट्रकचा तळ झाडून पुसून घेणें हा बांधणीचा पहिला भाग आहे, तो या कारणानें.

आतां दोर मुळांत धरतो कसा? अंबाडीचा किंवा तागाचा धागा हातभर लांबीचा, आणि दोर मात्र शंभर हातांचा. हे तुटके धागे एकमेकांपासून निसटून कां जात नाहींत? हा प्रश्न गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, दोन नव्या शास्त्रांवरील आपल्या ग्रंथांत चर्चिला आहे. त्याचें उत्तर असें कीं, पीळ दिल्यामुळें धागे एकमेकांवर दाबले जातात, आणि जितकें ओढावें तितकी त्यांची परस्परांवरील पकड घट्ट होते. दोराचें सामर्थ्य असें त्याच्या पिळांत आहे. आपल्याकडे सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं असें म्हणतात, तें हट्टी माणसाला उद्देशून. परंतु त्या म्हणींत दोराविषयींचें एक खरें निरीक्षण दडलेलें आहे. जळलेल्या सुंभाचा आकार तसाच राहतो, पीळ डोळ्यांना स्पष्ट दिसतो, आणि बळ मात्र राखेइतकेंच उरतें. बंधाच्या बाबतींत रूप आणि सामर्थ्य या दोन गोष्टी भिन्न असूं शकतात. तपासणीची सारी विद्या या एका भेदावर उभी आहे.

हा भेद लोखंडाच्या साखळीनें फार कठोरपणें शिकविला. दोर झिजला तर त्याचे धागे सुटतात, लव उभी राहते, हाताला खरखर लागते. साखळीचें तसें नसतें. शंभर कड्यांपैकीं नव्याण्णव निर्दोष असलीं आणि एकांत बारीक चीर असली, तर ती साखळी त्या एका कड्याइतकीच बळकट. जर्मनींतील हार्झ पर्वतांत क्लाउस्थाल येथें रुप्याच्या खोल खाणी होत्या, आणि तेथें धातूचा दगड वर ओढणाऱ्या साखळ्या वारंवार तुटत. विल्हेल्म आल्बर्ट नांवाचा एक खाण-अधिकारी या गोष्टीनें बेचैन झाला. त्यानें साखळ्यांवर पुनःपुन्हां ताण देऊन पाहण्याचें एक यंत्र तयार केलें, आणि १८३७ सालीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. एका वेळीं जो भार साखळी सहज पेलते, तोच भार हजारों वेळां दिल्यास ती मोडते, हा त्याचा निष्कर्ष होता. धातूलाहि थकवा येतो, या शास्त्राचा आरंभ येथून मानतात. त्यापूर्वींच, १८३४ सालीं, आल्बर्टनें साखळीऐवजीं लोखंडी तारांचा दोर खाणींत लावला होता. चार तारांचा एक पेड, आणि असे तीन पेड एकत्र वळलेले. या दोराचा मोठा गुण असा कीं, तो एकदम तुटत नाहीं. आधीं एक तार तुटते, मग दुसरी, आणि ज्याला डोळे आहेत त्याला पूर्वसूचना मिळते. आल्बर्टनें खाणकामगाराला नुसतें अधिक बळ दिलें नाहीं. तपासतां येईल असें बळ दिलें.

यानंतरचा मोठा पालट विसाव्या शतकांतला. १९३५ सालीं अमेरिकेंत वॅलेस कॅरोदर्स यांच्या हाताखालीं नायलॉनचा शोध लागला. पुढें १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिन्फील्ड आणि डिक्सन या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं पॉलिएस्टरचा धागा सिद्ध केला. टेरिलीन या नांवानें तो आपल्या घरोघरीं कपड्यांतून आला. हा धागा ओला झाला तरी दुबळा होत नाहीं, कुजत नाहीं, आणि नायलॉनपेक्षां कमी ताणला जातो. त्याचे रुंद विणलेले पट्टे, एका टोकाला लोखंडी आकडा, आणि मध्यें दांतेरी चाक व खटका असलेली मूठ, ही जोडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगभर पसरली. ईजिप्शियन कारागिराच्या पीळ देणाऱ्या दांड्याचें काम आतां या मुठीकडे आलें.

परंतु नव्या साधनाबरोबर नवा भ्रमहि आला. युरोपांत २००० सालीं या पट्ट्यांसाठीं जें प्रमाण ठरलें, त्यान्वयें प्रत्येक पट्ट्यावर लेबल असावें लागतें. पॉलिएस्टरला निळें, नायलॉनच्या जातीला हिरवें आणि पॉलिप्रॉपिलीनला तपकिरी. त्यावर आकडे छापलेले असतात. नेहमींच्या ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर बहुधा २५०० हा आकडा आढळतो, म्हणजे सरळ ओढींत अदमासें २५०० किलोग्रॅम वजनाइतका ताण तो सुरक्षितपणें घेतो. यावरून, असा पट्टा मालावरून टाकला कीं माल २५०० किलोग्रॅमनें दाबला गेला, असें पुष्कळांना वाटतें. तें खरें नव्हे. मूठ हातानें आवळून पट्ट्यांत जो ताण येतो तो कांहीं शेंचाच असतो, आणि लेबलावर तोहि निराळा दिलेला असतो.

एक उदाहरण घेऊं. १००० किलोग्रॅमची पेटी ट्रकवर ठेवली आहे. युरोपीय प्रमाणाप्रमाणें जोराचा ब्रेक लागतांना ती वजनाच्या आठ-दशांश बळानें, म्हणजे ८०० किलोग्रॅमनें, पुढें जाऊं पाहते असें धरतात. तळाचें घर्षण वजनाच्या तीन-दशांश असेल तर तें ३०० चा भार घेतें. उरलेले ५०० पट्ट्यांनीं सांभाळावयाचे. प्रत्येक पट्ट्यांत ३०० चा ताण आहे आणि तो दोन्ही बाजूंस सारखा उतरला आहे असें मानलें, तर पट्टा उभा खालीं येत असतां पेटीवर ६०० चा दाब पडतो व त्यांतून घर्षण मिळतें तें १८० चें. म्हणजे तीन पट्टे हवेत, आणि सुरक्षेसाठीं चौथा. पण पेटी बुटकी असून पट्टा तळाशीं केवळ ३० अंशांचा कोन करीत असेल, तर दाब निम्मा होतो आणि तीनांच्या जागीं सहा पट्टे लागतात. ‘माल जड आहे, तो कुठें जातो?’ हें वाक्य माल लादतांना फार ऐकूं येतें. जड माल हलावयास कठीण हें खरें. पण वेगांत असलेला जड माल थांबावयासहि तितकाच कठीण असतो, हा त्याचा उत्तरार्ध विसरला जातो.

या विसराची किंमत २९ एप्रिल २०१३ रोजीं अफगाणिस्तानांत बग्राम येथें दिसली. एक मालवाहू बोइंग ७४७ विमान पांच चिलखती गाड्या घेऊन दुबईकडे निघालें होतें. त्यांतील तीन प्रत्येकीं सुमारें १८ टनांच्या, दोन सुमारें १२ टनांच्या. उड्डाण होतांच निदान एक गाडी बंधांतून सुटून मागें सरकली, आणि तिनें विमानाच्या शेपटाकडील नियंत्रणयंत्रणा मोडून टाकली. विमान कोसळलें व आंतील सातहि जण मृत्यु पावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक-सुरक्षा मंडळानें २०१५ सालीं दिलेला निर्णय असा कीं, अशा विशेष मालाला बांधण्याची कंपनीची पद्धतच अपुरी होती. पट्टे होते, पण त्यांची संख्या आणि रीत त्या भाराला पुरी पडणारी नव्हती. अधिक खेदाची गोष्ट ही कीं, बग्रामला उतरण्यापूर्वींच्या टप्प्यांत एक पट्टा तुटल्याचें आढळलें होतें, आणि त्याविषयींचें बोलणें चालककक्षांतील ध्वनिमुद्रणांत सांपडलें. आल्बर्टच्या दोराची पहिली तार जणूं तुटली होती. सूचना मिळाली होती, परंतु तिचा अर्थ पुरता लावला गेला नाहीं.

तेव्हां पट्टा तपासणें म्हणजे नेमकें काय करणें? प्रवासापूर्वीं तो पसरून दोन्ही अंगांनीं हातांतून सरकवावा. कडेला काप, उसवलेली शिवण, तुटके धागे दिसतात काय तें पाहावें. कोठें चकचकीत कडक ठिपका लागला तर तेथें धागा उष्णतेनें वितळला आहे असें समजावें. पॉलिएस्टरला क्षार बाधतो, नायलॉनला आम्ल बाधतें. अशा द्रव्याचा डाग पडून कापड भुसभुशीत झालें असेल, किंवा दीर्घकाळ उन्हानें रंग उडून तें ठिसूळ झालें असेल, तर त्यावर विश्वास ठेवूं नये. आकड्याचें तोंड फांकलें आहे काय, खटका दांतांत नीट बसतो काय, हें पाहावें. ज्याचें लेबल वाचतां येत नाहीं तो पट्टा बाजूस काढावा, कारण त्याचें सामर्थ्य आतां कोणालाच ठाऊक नाहीं. तुटलेल्या पट्ट्याला गांठ मारून किंवा घरीं टांके घालून तो पुन्हां वापरूं नये. गांठीनें बळ जवळजवळ निम्म्यावर येतें.

बांधतांना पट्ट्याला पीळ पडूं देऊं नये. दोराचें जीवन पिळांत आहे खरें, पण पट्टा सपाट राहिला तरच त्याचे सर्व धागे सारखा भार घेतात. मुठीच्या चाकावर निदान दीड वेढा असावा, तीनांहून अधिक नसावेत. मूठ केवळ हातानें ओढावी. तिला नळी जोडून बळ वाढविलें तर पट्टा व मूठ दोन्ही आंतून दुखावतात. या पट्ट्यानें माल कधींहि उचलूं नये, कारण तो त्यासाठीं केलेला नाहीं. कांहीं मैल गेल्यावर गाडी थांबवून तो पुन्हां आवळावा, कारण माल हादऱ्यांनीं बसतो आणि बंध सैल होतो. सोडतांनाहि माल पट्ट्यावर रेलला नाहीं ना, हें आधीं पाहावें. कित्येक अपघात प्रवास निर्विघ्न संपल्यावर, पट्टा सोडण्याच्या क्षणीं घडतात.

या तपासणीस फार तर दहा मिनिटें लागतात, आणि नवा पट्टा मालाच्या किंमतीच्या मानानें क्षुल्लक असतो. तरीहि ती टाळली जाते, याचें एक कारण असें कीं, बांधणारा आणि भोगणारा हे बहुधा एकच नसतात. ट्रकच्या मागून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाला पुढच्या मालाचा पट्टा कसा आहे हें कळण्याचा मार्ग नाहीं. त्यांच्या वतीनें तो पट्टा पाहणारा मनुष्य एकच आहे, जो गाडी निघण्यापूर्वीं तिच्याजवळ उभा असतो. त्यानें तो हातांतून सरकवून पाहावा, आणि शंका आली तर बाजूस टाकावा.