नापास माल
पुरवठादाराकडून आलेला, पण आवक तपासणीत न टिकलेला माल; कारखान्यांच्या बोलीत ‘रिजेक्शन’. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवली एमआयडीसीत टेम्पो उतरला की नमुन्यांना गेज लागतो. बोअर जास्त निघाला की लॉटवर लाल टॅग. लहान बोअरमध्ये रीमर फिरवता येतो, मोठा झालेला बहुधा भंगारातच. उरलेले मार्ग म्हणजे सवलतीने स्वीकार, किंवा चलनासह परतपाठवणी आणि डेबिट नोट. मालविक्री अधिनियम, १९३० नुसार, वेगळा करार नसल्यास, रीतसर नाकारलेला माल परत पोचवणे खरेदीदारावर बंधनकारक नाही. नकार कळवणे पुरते. पुरवठादार सूक्ष्म वा लघु उद्योग असेल तर २००६ च्या कायद्याने आक्षेप १५ दिवसांत लेखीच हवा, फोनवरची कुरकुर चालत नाही; एरवी बिलाची मुदत माल पोचल्या दिवसापासून मोजतात.