ओपनस्ट्रीटमॅप बदल-फीड

'''ओपनस्ट्रीटमॅप बदल-फीड''' ही ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशा-प्रकल्पाच्या विदागारात स्वयंसेवकांनी केलेले बदल क्रमाने उपलब्ध करून देणारी सेवा होय. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाची संपूर्ण विदा 'प्लॅनेट' नावाच्या धारिकेत दर आठवड्याला प्रसिद्ध होते. एका नव्या पुलासाठी ही अवाढव्य धारिका पुन्हा उतरवून घेणे व्यवहार्य नसल्याने, झालेला फरक तेवढाच दर मिनिटाला, तासाला व दिवसाला वेगळ्या धारिकांतून दिला जातो.

== रचना ==
फरकाची धारिका एक्सएमएलवर आधारलेल्या 'ओएसएमचेंज' स्वरूपात असते. तीत निर्मिती, फेरफार आणि विलोपन अशा तीन प्रकारच्या नोंदी असतात. प्रत्येक धारिकेला चढता अनुक्रमांक असून सोबतच्या छोट्या मजकूर-धारिकेत तो क्रमांक व वेळ नमूद केलेली असते. त्यामुळे जोडणी मध्येच तुटली तरी शेवटच्या क्रमांकापासून पुढचे बदल घेता येतात.

या पद्धतीची एक मर्यादा नवख्यांना हमखास अडवते. रस्ता हा बिंदूंच्या ओळीने बनतो. त्यातील एखादा बिंदू सरकवल्यास फरकात केवळ त्या बिंदूची नोंद येते, रस्त्याची येत नाही. कोणता रस्ता वळला हे कळण्यासाठी ग्राहकाकडे स्वतःचे विदागार असावेच लागते. ओव्हरपास प्रणालीचे 'विस्तारित फरक' ही उणीव भरून काढतात; त्यांत वस्तूची आधीची व नंतरची स्थिती दिलेली असते.

== संपादकांसाठी फीड ==
आपल्या परिसरावर लक्ष ठेवणाऱ्या संपादकांसाठी बदलसंचांची ॲटम फीड उपलब्ध आहे. मात्र बदलसंचाचे क्षेत्र चौकटीने ठरते. एकाच संचात पुणे व लंडन येथील बदल असतील, तर मधल्या सर्व प्रदेशांतील वाचकांना तो विनाकारण दिसतो. चौकटीऐवजी प्रत्यक्ष बदललेल्या जागा तपासणे हाच यावरचा खरा उपाय होय.

== विलंबाचे परिणाम ==
जानेवारी २०१० मधील हैती भूकंपानंतर स्वयंसेवकांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते उपग्रहचित्रांवरून आखले. मदतपथकांना ताजी विदा मिळणे तेथे निकडीचे होते. याउलट ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराचे नाव बदलून टाकलेले ज्यूद्वेषी नाव स्नॅपचॅटसह काही सेवांच्या नकाशांवर झळकले. ओपनस्ट्रीटमॅपवर ही विकृती त्याआधीच दुरुस्त झाली होती. चुकीचा बदल मात्र पुढे पोहोचला होता.